हात पोहोचतो तिथपर्यंत

ताथवड्यात घर कोणाचं, हे ठरवणारी कागदपत्रं भरपूर आहेत. मूळ गावकऱ्यांकडे सातबारा आहे, आमच्यासारख्या मागाहून आलेल्यांकडे इंडेक्स टू आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, घरपट्टीची पावती आहे. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. पुढं शेतांतून जे टॉवर उगवले त्यांतल्या एकात, अकराव्या मजल्यावर, आमचं दोन बेडरूमचं घर आहे. बिल्डरनं पैसे घेतले ते कार्पेट एरियाचे, म्हणजे पायाखालच्या फरशीचे. जेवढी फरशी तेवढंच डोक्यावर छतही असतं, पण त्याचा करारात कुठं उल्लेख नाही. हा बिनउल्लेखाचा भाग कोळ्यांनी ताब्यात घेतला आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही.

लेखी काही झालेलं नसलं तरी हद्द ठरलेली आहे. फरशीपासून माझा हात पोहोचतो तिथपर्यंत आम्ही, त्याच्या वर ते. वरच्या कोळ्याकडे आमच्या घरात कुणी ढुंकून बघत नाही. तोच खाली उतरला की घरभर हाकाटी. अडचण एवढीच की घरात माणसं चार आणि प्रत्येकाची हद्द निराळी. सासूबाईंची पाठ वाकल्यापासून त्यांची हद्द कपाटाच्या मधल्या फळीवर आली आहे, त्यामुळे कोळ्यांच्या बाबतीत घरात सगळ्यात उदार त्याच. शिवाय त्यांच्याकडे वारांचं कोष्टक आहे. सोमवारी मारू नये, गुरुवारी तर नाहीच, शुक्रवारी घरातलं काही बाहेर काढू नये, आणि उरलेल्या दिवशी तिन्हीसांजेला हात लावू नये. कोळी मात्र नेमका तिन्हीसांजेलाच निघतो. नववीतल्या लेकीला हद्दच मान्य नाही. तिच्या मते आपणच त्यांच्यात मेंटेनन्स भरून राहतो. आणि नवरा सहा फूट उंच, म्हणजे हिशेबानं त्याची हद्द सगळ्यात वरची. पण कोळ्याचा विषय निघाला की तो हद्दीवर येतच नाही, थेट दुसऱ्या खोलीत जातो.

हा माणूस चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला आहे. प्रेस हायड्रॉलिक. सपाट पत्रा आत जातो, दणका बसतो आणि गाडीचा एखादा अवयव होऊन बाहेर येतो. त्या दणक्यानं लांबच्या टेबलावरचा चहासुद्धा कपात थरथरतो, असं तो अभिमानानं सांगतो. असा माणूस एका रात्री सेकंड शिफ्ट करून आला, हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेला आणि आतून जी हाक आली ती ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी दार उघडलं.

गीझरच्या पाइपामागं तळहाताएवढा तपकिरी कोळी बसला होता. पाय पुढं-मागं नव्हेत, दोन्ही बाजूंना पसरलेले. अंग इतकं चपटं की पाइप आणि टाइल यांच्यामधल्या फटीत अलगद मावावं. मिशी असावी तिथं एक फिकट आडवी पट्टी. मी आणि लेक वाकून बघत होतो, आणि तोही आठही डोळ्यांनी आमच्याकडे बघत असावा. हा जाळं विणत नाही. रात्री भिंतींवरून फिरून झुरळं पकडतो. हेटेरोपोडा वेनाटोरिया हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि मालाच्या जहाजांतून बसून जगातल्या सगळ्या उष्ण मुलखांत तो पोहोचला आहे. तेव्हा त्याच्या हिशेबी ताथवडे म्हणजे काही फार लांबचा प्रवास नव्हे.

"तो काही करत नाही रे," मी म्हणाले.

"काही करत नाही तर एवढे पाय कशाला?" बाहेरून उत्तर आलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, लेकीकडे होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, ते पाय तुमच्या प्रेससारखेच चालतात. पायाच्या मुख्य सांध्यांत पाय मिटायला स्नायू आहेत, उघडायला नाहीतच. अंगातला द्रव दाबानं पायात ढकलायचा, की पाय सरळ. म्हणून तर मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडतो. दाब गेला."

बाहेर बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "पंप कुठं?"

"डोकं आणि छाती एकच असते त्याची, तिथं."

"म्हणजे एक पंप आणि आठ आउटलेट," असं पुटपुटत तो दारापर्यंत आला. उंबरठा काही त्यानं ओलांडला नाही, पण बघितलं. यंत्र म्हणून बघितलं की माणसाची भीती निम्म्यानं उतरते, निदान चाकणच्या माणसाची तरी. हल्ली बाथरूममध्ये कोळी दिसला तर तो ओरडत नाही. बाहेर येऊन गंभीरपणे सांगतो, "आहे. प्रेशर चांगलं आहे."

बदल्यात त्यानंही कँटीनमधून एक गोष्ट आणली. वाहनधंद्यातली माणसं ती भुताखेताच्या चवीनं सांगतात, पण गोष्ट खरी आहे. २०११ साली माझ्दा कंपनीनं उत्तर अमेरिकेतून सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या टाकीला हवा खेळती ठेवणारी जी नळी असते, तिच्यात पिवळट कोळी जाळं विणून बसत होते. पेट्रोलच्या वासाची त्यांना ओढ. नळी तुंबली की टाकीवर ताण येऊन तडा जाण्याचा धोका. कंपनीनं उपाय केले, आणि २०१४ मध्ये त्याच कारणासाठी आणखी ४२,००० गाड्या बोलवाव्या लागल्या. एवढं सांगून नवरा म्हणाला, "आपल्याकडे ऑडिटला कोण कोण येतं, पण असा कडक कुणी नाही."

बाथरूममधला तो पाहुणा पुढं आपोआप गेला. आम्ही पेस्ट कंट्रोल करून घेतलं. तो पोरगा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जेलचे ठिपके लावताना म्हणाला, "मॅडम, झुरळांची गॅरंटी, कोळ्यांची नाही." झुरळं संपली आणि मग कोळीही दिसेना. ज्याच्यासाठी तो आला होता तेच आम्ही काढून टाकलं होतं. नवऱ्यानं मात्र याचं श्रेय गॅरंटीला दिलं.

हे झालं खालच्या हद्दीतलं. वरचे रहिवासी वेगळे. तांदळाच्या दाण्याएवढं अंग आणि केसाएवढे बारीक लांबलचक पाय, अशी ही मंडळी छताच्या प्रत्येक कोपऱ्यात उलटी लटकलेली असतात. त्यांना नुसती फुंकर मारून बघावी. जागेवरच लटकून ती इतक्या वेगानं गरगरायला लागतात की कोळी दिसेनासा होतो, कोपऱ्यात फक्त एक धूसर भोवरा उरतो. शत्रूनं घाव कुठं घालायचा? थोड्या वेळानं भोवरा मंदावतो, पाय पुन्हा एकेक करून वेगळे दिसू लागतात आणि जसं काही झालंच नाही असं तो डास धरायला मोकळा. उन्हाळ्यात पवना नदीवर जलपर्णी पसरली की डास इकडे मुक्कामाला येतात. महापालिकेची धुराची गाडी रस्त्यावरून जाते, पण तिचा धूर अकराव्या मजल्याला पोहोचेपर्यंत त्यात नुसती सदिच्छा उरते. वरच्या कोपऱ्यातल्यांवर आमची सगळी भिस्त आहे.

बरं, या बिचाऱ्यांचं जाळं मुळात दिसतच नाही. ते दाखवून देते ती धूळ. आमच्या भागात चारी बाजूंना बांधकामं, काँक्रीटचे प्लांट, दिवसरात्र धावणारे मिक्सर. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. तीच धूळ वर जाऊन जाळ्यावर बसते आणि आदल्या दिवशीपर्यंत नसलेलं जळमट एकाएकी लोंबायला लागतं. रेशीम कोळ्याचं, सिमेंट बिल्डरचं, आणि बोल घरच्या बाईला! पाहुण्यांची नजर पण कशी, घरात शिरल्या शिरल्या नमस्काराआधी कोपऱ्यात जाते.

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात ही हद्द अधिकृतपणे ओलांडली जाते. कामाला येणाऱ्या मावशी लांब काठीला गोल ब्रश बांधतात, डोक्याला रुमाल गुंडाळतात आणि हॉलच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात. घरात जळमटं असली तर लक्ष्मी येत नाही, असं सासूबाई खालून सांगत असतात. लेकीनं एकदा विचारलंच, "आजी, लक्ष्मी दारातून येते ना? मग छताशी तिचं काय काम?" सासूबाई म्हणाल्या, "येते दारातून, पण बसायच्या आधी वर बघते." मला वाटतं हे पाहुण्यांवरून सुचलेलं असणार.

एकदा मावशींचा ब्रश पंख्यामागच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मी खालून विचारलं, काय झालं? त्यांनी मला स्टुलावर बोलावून घेतलं. जाळ्यात कोळीण होती आणि तिनं तोंडात काहीतरी धरलं होतं. नीट बघितलं तर अंड्यांचा घोस. ही जात अंड्यांना जाड कोष करत नाही. दोनचार धाग्यांत गुंडाळून जबड्यात धरून ठेवते. गुंडाळणी इतकी विरळ की एकेक अंडं सुटं दिसत होतं, साबुदाण्याहून बारीक, फिकट गुलाबी. आम्ही दोघी माना वर करून उभ्या. कोळीण गरगरली नाही. तोंडात लेकरं धरून गरगरणार तरी कशी?

"ताई, ही लेकुरवाळी हाय," मावशी म्हणाल्या. "हिला दिवाळीनंतर बघू."

तेव्हापासून आमच्याकडे हा नियमच आहे. पंख्यामागचा कोपरा दिवाळीनंतर. दिवाळीनंतर अर्थातच कुणी बघत नाही, कारण तोवर पिल्लं छतभर पांगलेली असतात.

कोळ्यांवर आळ किती यावेत, यालाही काही हद्द असावी. पावसाळा संपता संपता मानेवर किंवा दंडावर लाल रेघ उठते, तिच्यावर फोड येतात, आग आग होते. घरोघर निदान एकच: कोळी मुतला. यात कोळ्याचा काडीचा संबंध नसतो. हे काम पीडेरस नावाच्या एका चिमुकल्या किड्याचं. नारिंगी-काळा, दिसायला मुंगीचा भाऊ, दिव्याकडे झेपावणारा. तो चावत नाही, डसत नाही. आपणच झोपेत त्याला मानेवर चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीवर पसरतं. उपाय सोपा: चिरडायचं नाही, फुंकरून उडवायचं, आणि चिरडला गेलाच तर साबणानं धुऊन टाकायचं. त्वचारोगतज्ज्ञांनी हे सांगितल्यावर मी ते घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण त्याला मुतायला कोळ्यानंच शिकवलं असेल." इतक्या वर्षांचा आरोपी एका डॉक्टरच्या सांगण्यावरून कुणी सोडत नाही.

असं असलं तरी सासूबाईंच्या मनात कोळ्याला मान आहे. तो आहे चातुर्मासामुळे. त्या एकनाथी भागवत वाचतात, आणि त्यात अवधूतानं यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू येतात: पृथ्वी, वारा, आकाश, पाणी असे मोठमोठे सुरुवातीला, मग कपोत, अजगर, पतंग, हत्ती, हरीण करत करत तेविसावा कोळी आणि चोविसावी कुंभारीण. कोळी आपल्याच पोटातून धागा काढतो, त्यावर खेळतो आणि शेवटी गिळून टाकतो. तसंच ईश्वर जग निर्माण करतो आणि आवरून घेतो. दृष्टान्त म्हणून थोर आहेच, पण प्राणिशास्त्र म्हणूनही पक्का आहे. गोल चक्री जाळं विणणाऱ्या कितीतरी जाती जुनं जाळं खरोखर खाऊन टाकतात आणि तेच प्रथिन पुढच्या जाळ्याला वापरतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा बघितलं तो पहाटे उठून बराच वेळ जाळ्यासमोर बसला असणार, आणि घरच्यांनी त्याला ब्रश घेऊन हाकललं नसणार.

चोविसाव्या गुरूची गंमत मात्र आमच्या गॅलरीत उलगडली. सरकत्या दाराच्या खाचेत कुंभारणीनं मातीची घरटी बांधली होती. बारीक कंबर, काळी-पिवळी, एकेक गोळी आणून लिंपत बसायची. सासूबाईंनी हात लावू दिला नाही. कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो, म्हणे. माझं वय बघता ही बातमी मला फारशी दिलासा देणारी नव्हती. यथावकाश माशी उडून गेली, पाळणा काही हलला नाही, आणि लेकीनं एक वाळलेलं घरटं सुरीच्या टोकानं फोडलं. त्या खोलीतून कुणी बाहेर पडलंच नव्हतं, आतली अळी मरून गेली असावी. आत कोळी भरलेले होते. लहान, हिरवट, पिवळे, पाय मिटलेले, एकावर एक दाबून बसवलेले. ही माशी कोळ्यांना डंख मारून लुळं करते, जिवंतच आत कोंबते, त्यांच्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी बाहेर आली की शिदोरी तयार, तीही ताजी.

लेकीनं फुटलेलं घरटं आजीसमोर धरलं. "आजी, तुझ्या चोविसाव्या गुरूनं तेविसाव्याला डब्यात भरलंय."

सासूबाई चष्मा पुसून बघत राहिल्या. मग पोथी मिटत म्हणाल्या, "म्हणून तर चोवीस केले. एकावर कुणी अवलंबून राहू नये."

पवना ओलांडून रावेतच्या रस्त्यानं आकुर्डीकडे निघालं की भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र लागतं. तिथून जाताना मी नवऱ्याला गाडी जरा हळू घ्यायला सांगते. भारतातल्या कोळ्यांची शिस्तीत मोजदाद करण्यात ज्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं, ते बी. के. टिकादर याच खात्याचे. पुण्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, पुढं ते सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९८७ साली त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं हँडबुक आलं. १९८० मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर एका भुईवर धावणाऱ्या कोळ्याचं नाव ठेवलं लायकोसा पूनाएन्सिस. म्हणजे इथंही पुण्यानं नंबर लावलाच! पिंपरी-चिंचवडच्या नावाचा कोळी माझ्या ऐकण्यात नाही. एवढी छतं, एवढी धूळ आणि एवढा सरकारी कर देऊनही नाही.

पण मराठी माणसाच्या नावाचा आहे, आणि त्याबद्दल थट्टा सुचत नाही. ठाण्याच्या परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली इशियस तुकारामी असं नाव मिळालं, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवणाऱ्या मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ही बातमी सासूबाईंनी पेपरातून कात्रीनं कापून पोथीत ठेवली आहे. आमच्या घरात फिरतो तो उड्या मारणारा कोळी त्या जातीचा नाही, पण त्याच कुळातला. बोटाच्या पेराएवढाही नसतो. पुढचे दोन डोळे मोठे, काळेभोर. आपण बाजूला झालो की अंग वळवून आपल्याकडे बघतो, असा बघणारा कोळी दुसरा नाही. लेक लॅपटॉपवर अभ्यास करत असताना एक पडद्यावर चढला होता आणि माऊसचा बाण हलला की त्याच्यावर झेप घेत होता. बाण हाती लागत नाही म्हणून त्यानं धीर सोडला नाही, आणि लेकीनं गणित. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "राहू दे त्याला. पोलिसांतला आहे."

घरात आलेल्या कोळ्याबद्दल नवऱ्याला पडणारा कायमचा प्रश्न: अकराव्या मजल्यावर हे येतात कसे? वॉचमनचं मत, लिफ्टनं. थोडं खरं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, फर्निचरच्या मागून, भाजीच्या पिशवीतून बरेच येतात. पण बारकी पिल्लं याहून झकास वाट काढतात. उंच टोकावर चढायचं, पोट वर करायचं, धागा हवेत सोडायचा आणि वारा उचलेल तिकडे जायचं. चार्ल्स डार्विनच्या बीगल जहाजावर १८३२ मध्ये किनाऱ्यापासून ६० मैलांवर असे कोळी उतरले होते. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की वाऱ्याचीही गरज नाही. हवेतलं विद्युत क्षेत्रसुद्धा त्यांना उचलू शकतं. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, "आणि आपण ताथवड्याच्या अंडरपासमध्ये पाऊण तास."

सोसायटीला कोळ्यांचा खरा परिचय झाला तो सीसीटीव्हीमुळे. रात्री कॅमेऱ्यातला अवरक्त दिवा लागतो, आसपास चिलटं येतात, चिलटांमागं कोळी येतो आणि लेन्सपुढंच जाळं टाकतो. मग खाली केबिनमध्ये पडद्यावर गाडीएवढा पांढराशुभ्र आठ पायांचा प्राणी पार्किंग ओलांडताना दिसतो. नवा वॉचमन पहिल्या रात्री काठी घेऊन बाहेर धावला होता. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा कॅमेरावाल्यानं महिन्यातून एकदा पुसून घ्या म्हणून सांगितलं, आणि ते कुणी करायचं यावर चर्चा पुढच्या मीटिंगपर्यंत तहकूब झाली.

राहिला प्रश्न, खाली उतरलेल्यांचं करायचं काय? मारायचं नाही हे ठरलेलं. त्यासाठी काचेचा ग्लास आणि लग्नपत्रिका लागते. ग्लास कोळ्यावर पालथा घालायचा, पत्रिका भिंत आणि ग्लास यांच्यामधून हळूच सरकवायची, पाय अडकणार नाहीत असं बघत. साधा कागद वाकतो, वर्तमानपत्र तर चालतच नाही. पत्रिकाच हवी, तीही आपल्या मावळ-मुळशीकडची. पुठ्ठा असा जाड की त्यावर पोळी लाटावी. मायना एवढा लांब की कोळ्याला वाचायला प्रवासभर पुरतो. एकदा माझ्या हातातल्या ग्लासातला कोळी 'प्रमुख उपस्थिती'तल्या आमदार-नगरसेवकांवरून चालत, 'व्यवस्थापक मंडळ' ओलांडून, थेट तळाशी 'चिमुकल्यांची किलबिल'पर्यंत गेला आणि तिथं थांबला. आता निमंत्रणं व्हॉट्सॲपवर येतात. ती सरकवता येत नाहीत. म्हणून जुन्या पत्रिका मी फ्रिजवर जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या काही जोडप्यांची मुलं आता शाळेत जातात.

धरलेला कोळी सोडायचा कुठं, यावरही मतभेद झाले. गॅलरीतून सोडावा तर खालच्या काकूंचे पापड वाळत असतात. लेकीचं म्हणणं, यांच्यातले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या घरांतच राहिलेले. उघड्यावर टिकतील याचा भरवसा नाही. शेवटी मी जागा शोधली. आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी लोखंडी दार आहे, त्यामागं आगीच्या वेळी वापरायचा जिना. तिथं कुणी जात नाही. ऊन नाही, पाऊस नाही, प्रत्येक मजल्यावर रात्रभर दिवा, दिव्यावर चिलटं. वर्षानुवर्षं मी ग्लास आणि पत्रिका घेऊन त्या दारातून ये-जा करते आहे. समोरच्या काकांना वाटतं मी पूजेचं काहीतरी नेते.

मग एका रविवारी ट्रान्सफॉर्मर गेला, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. आमची सगळी बी विंग दुधाच्या पिशव्या, भाजी, बॅडमिंटनच्या रॅकेटा घेऊन त्याच जिन्यानं चढली. आमचे खजिनदार काका सत्तरीचे, राहतात नवव्या मजल्यावर. सहाव्याच्या वळणावर ते दम खायला थांबले; पण दम लागला असं कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचं जाळं निरखत उभे राहिले. मागून येणाऱ्यांनाही थांबायचंच होतं, तेही निरखू लागले. बघता बघता तिथं सातआठ जणांची गर्दी झाली. कुणी फुंकर मारली, कोळी गरगरला, पोरं ओरडली, काकांचा श्वास जागेवर आला.

दुपारी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'बी विंगच्या जिन्यात कोळ्यांचं प्रमाण फार वाढलं आहे. अकराव्या मजल्याजवळ विशेष. कारण कुणास माहीत असल्यास कळवावे. पेस्ट कंट्रोलचा विचार चालू आहे.'

नवऱ्यानं फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मेसेजला अंगठा दाखवला आणि भाजी निवडायला घेतली. तेवढ्यात खाली खजिनदार काकांचं उत्तर आलं: 'खर्च नको. सहाव्या मजल्यावर थांबायला काहीतरी निमित्त असू द्या.'